नटावरची पिवळी रेघ

दि. ४ फेब्रुवारी

सौ. बेबीचे यजमान व सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक यांस,

मी, आपल्या पत्नीचा थोरला भाऊ, वय वर्षे पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, लेखापरीक्षकाच्या कचेरीतून स्वेच्छेने बाहेर पडलेला व सध्या एका ट्रकचा मालक, हे पत्र गिऱ्हाईक या नात्याने लिहीत आहे. माझा ट्रक यापुढे आपल्याकडे केवळ वॉरंटीतल्या कामापुरता येईल आणि त्या कामालाही माझी एक अट राहील, हे कळवणे हा पत्राचा हेतू. फोनवर सांगितले असते. परंतु फोनवर आपण हसता, "दादा, मी बघतो" म्हणता, आणि विषय तिथेच खाली बसतो.

ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचे ऑइल सील गळते. त्यासाठी ट्रक आपल्याकडे वारंवार आला. प्रत्येक वेळी तो धुऊन, केबिनमध्ये अत्तर फवारून, आरशाला रंगीत फीत बांधून परत मिळाला. सील गळतच राहिले. वर काउंटरवरच्या बाई मला विचारतात की, सेवेला दहापैकी दहा देणार ना? गळणाऱ्या सीलला गुण देण्याची रीत मला कुणी शिकवली नाही.

गेल्या शुक्रवारी मी आपल्या फोरमनला, ज्याला त्याच्या मानेमुळे सगळे पैलवान म्हणतात, माझ्यासमोर चाकाचा ड्रम उघडायला सांगितले. साहेबांनी सांगितल्याशिवाय उघडत नाही, असे तो म्हणाला आणि माझ्या छातीवर पंजा ठेवून त्याने मला बाजूला सारले. मी हातातली फाइल त्याच्या तोंडावर मारली. त्याने माझी मान धरून मला मडगार्डवर दाबले. धाकट्या बंडूने आम्हाला सोडवले. माझा ओठ आतून फाटला, त्याची भुवई फुटली. याची मी तक्रार करीत नाही. ते खाते तिथल्या तिथे मिटले. हेच आमचे धाकटे बंधुराज नंतर त्याच्याच शेजारी टायरवर बसून चहा पीत होते आणि माझी नक्कल करून त्याला हसवत होते.

घरामागच्या शेडमध्ये मी आता तेल, फिल्टर, ब्रेक लायनर ही सर्व कामे स्वतः करतो. ट्रक चालवतो बंडू, तेव्हा त्याच्या खालचे चाक कुणाच्या तरी विश्वासावर सोडणे मला परवडणारे नाही. माझी पद्धत अशी: नट ठरलेल्या जोराने आवळला की नटावरून रिमवर पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढायची. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. कचेरीत आम्ही तपासलेल्या आकड्यापुढे खूण करायचो. खूण असलेल्या आकड्याकडे पुन्हा पाहायचे नसते, हाच त्या खुणेचा उपयोग.

सील आणि बेअरिंग वॉरंटीत असल्याने ते आपल्याकडेच बदलावे लागेल. अट एवढीच की, चाक बसवल्यावर जो नट आवळेल त्यानेच, आवळल्यानंतर, ही रेघ ओढावी.

आपला,
दादा

दि. ८ फेब्रुवारी

ती. दादा,

पत्र मिळालं. तुमचं घर आमच्या गच्चीवरून दिसतं आणि तुम्ही तिकीट लावून पत्र पाठवता. बेबीने वाचलं. म्हणाली, दादाने लग्नात मला आशीर्वादही असाच मुद्देसूद दिला होता. मग बराच वेळ हसत होती.

पैलवानाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. त्याची कातडी गेंड्याची. पण दादा, रागावू नका, तुम्ही यार्डात आलात की माझी माणसं पाने टाकून पांगतात. परवा एक मेकॅनिक म्हणाला, साहेब, ते फाइलवाले येणार असतील तर मी रजा टाकतो.

रेघेचं म्हणाल तर असलं काही मी लिहून देऊ शकत नाही. वरून ठरलेली पद्धत आहे, कॉम्प्युटरात सगळं चढतं, रंगाचा डबा त्यात बसत नाही. उद्या दुसरा मालक येईल आणि म्हणेल, मला हिरवी हवी. तुम्ही रविवारी जेवायला या, तोंडी बोलू. आणि घरी ट्रक उघडत बसणं सोडा. तुमच्या वयाला शोभत नाही आणि कंपनीला आवडत नाही.

तुमचा,
जावई

दि. २१ मार्च

जावईबुवा,

रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावरून लिहितो. आपण आणि बेबी काल येऊन गेलात. बेबीच्या देखत मला हे बोलायचे नव्हते.

आपल्या जेवणाच्या टेबलावर आपण मला तोंडी कबूल केले होते की रेघ ओढली जाईल. सोमवारी आपल्या यार्डात सील बदलले, चाक बसवले आणि संध्याकाळी बंडू ट्रक घरी घेऊन आला. मी दिवा घेऊन चाकापाशी बसलो. प्रत्येक नटावर रेघ होती, सरळ, माझ्या मनासारखी. मी समाधानाने उठलो. पाना लावला नाही. ज्याच्यापुढे खूण आहे ते मी पुन्हा तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या उतारावर ते चाक निघाले. मागून येणाऱ्या टँकरवाल्याने सांगितले की, चाक आधी ट्रकच्या पुढे धावत गेले. म्हणजे बंडूने स्वतःच्याच गाडीचे चाक स्वतःला मागे टाकताना पाहिले. मग ड्रम डांबरात रुतला, ट्रक फिरला आणि केबिनची उजवी बाजू पुलाच्या कठड्यावर आदळली. पत्रा कापून त्याला बाहेर काढेपर्यंत तो शुद्धीवर होता आणि शिव्या देत होता, असे टँकरवाला म्हणतो. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला आहे. तेव्हापासून तो बोललेला नाही.

मी घाटात जाऊन आलो. सुटलेल्या नटांपैकी काही गटारात सापडले, चाक खालच्या शेतात. नटाचे जे तोंड रिमवर घट्ट बसते, त्या तोंडावर पिवळा रंग आहे. आवळलेल्या नटाखाली रंग शिरू शकत नाही. म्हणजे रेघ आधी ओढली गेली आणि आवळणे नंतर व्हायचे होते, ते झालेच नाही. मी घरी बसवलेल्या मागच्या चाकांचा एक नट काढून पाहिला. त्याचे तोंड स्वच्छ आहे.

मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. कुंचला कुणाच्या हातात होता?

दादा

दि. २३ मार्च

ती. दादा,

मी दोन दिवस झोपलो नाही. बेबी तर भिंतीकडे तोंड करून पडली आहे, माझ्याशी धड बोलतही नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी आपल्या माणसाचं नाव मी घेतलं नसतं. त्या दिवशी तुमची गाडी पैलवानाकडे होती. रंगाचा डबाही त्याच्याकडेच असतो. त्या शुक्रवारची फुटलेली भुवई तो विसरला नव्हता, यार्डात सगळ्यांना माहीत आहे. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण निष्काळजीपणा म्हणावा तर माणूस जुना आहे. काय समजायचं ते तुम्ही समजा.

मी त्याला कामावरून दूर करतो आहे. तुम्ही यार्डात येऊ नका. हे माझ्यावर सोडा. आत्ता बंडूजवळ बसणं महत्त्वाचं.

तुमचा,
जावई

दि. ३ एप्रिल

जावईबुवा,

आपले पत्र मिळाले त्याच दिवशी मी यार्डात आलो, हे आपणास ठाऊक आहे. आपण केबिनच्या काचेमागे उभे होता. हातात कप होता. नंतर पोलिसांना आपण सांगितलेत की त्या वेळी आपण गोदामात होता, म्हणून ही आठवण देतो.

जे केले ते जसे घडले तसे लिहितो. पैलवान एका इंजिनवर वाकला होता. मी चाकाचा लांब पाना दोन्ही हातांनी धरून त्याच्या खांद्यावर घातला. तो वळला. त्याने हात वर केले, ते मारायला नव्हे, हे मला आता कळते; तेव्हा कळले नाही. दुसरा घाव कोपरावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. तो काहीतरी ओरडत होता. कॉम्प्रेसर चालू होता, मला ऐकू आले नाही, आणि ऐकण्यासाठी मी थांबलोही नाही. तिसरा घाव तोंडावर बसला. पान्याचे टोक डोळ्यात गेले. मग चौघांनी मला जमिनीवर पाडून लाथांनी तुडवले आणि पोलीस येईपर्यंत एक जण माझ्या मानेवर बसून राहिला. मी सध्या जामिनावर आहे. बरगडी मोडली आहे, त्यामुळे अक्षर हलते.

त्याचा डावा डोळा गेला.

काल बंडू बोलला. मी त्याला सांगितले की तुझ्या पायाचा हिशेब मी पैलवानाकडून चुकता केला. त्याने उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "पैलवानाला का मारलंस? तो तर मला म्हणत होता, गाडी नेऊ नकोस."

पुढचे त्याने थांबत थांबत सांगितले. नट आवळायचे यंत्र दुरुस्तीला गेले होते. मार्चअखेरच्या गाड्या बाहेर काढायच्या म्हणून आपल्याला माझ्या ट्रकची जागा रिकामी हवी होती. पैलवान हातपाना शोधायला गेला. तो येईपर्यंत आपण स्वतः कुंचला घेतलात आणि म्हणालात, "म्हाताऱ्याला रेघ हवी आहे ना, ही घे रेघ." यार्ड हसले. बंडूही हसला, हे त्यानेच कबूल केले. आपण त्याच्या हातात किल्ली दिलीत. फाटकापाशी पैलवान धावत आला आणि म्हणाला, नट नुसते टेकवलेत, अर्धा तास थांब, आवळून देतो. बंडू म्हणाला, असू दे, दादा घरी आवळतोच.

गाडी घरी आल्यावर मी दिवा घेऊन चाकापाशी बसलो होतो. त्याला वाटले, माझे नट आवळून झाले.

आपण माझ्या पत्राचे उत्तर लिहिताना हे सर्व जाणत होता. चुकीच्या माणसाचा पत्ता आपण मला लिहून दिलात आणि मी त्या पत्त्यावर गेलो.

पोलिसांकडे जाऊन आपण खरे सांगावे. मी आपल्याला आठ दिवस देतो.

दादा

दि. ७ एप्रिल

दादा,

आता स्पष्टच लिहितो, कारण गोड बोलून तुमच्याशी काही होत नाही.

बंडू औषधांच्या गुंगीत आहे. त्याला काय आठवतं आणि काय भास होतो, हे कोर्टात कोण ठरवणार? ती रेघ म्हणता. ती कुणाची खूण आहे, हे पूर्ण यार्डाला ठाऊक आहे. पिवळ्या रंगाचा डबा तुमच्या शेडमध्ये आहे. मागच्या चाकांवर तुमच्याच हातच्या रेघा आहेत. गाडी रात्रभर तुमच्या दारात होती. घरी सगळं उघडून बघायची तुम्हाला सवय आहे, हे तुम्हीच मला पानभर लिहून कळवलंत. चाक पुन्हा कुणी काढलं, कुणी ढिलं बसवलं, यावर कंपनीचा वकील काय म्हणेल ते सांगायला कॉमर्सची डिग्री लागत नाही.

तुमच्या बाजूने खरं सांगू शकेल असा एकच माणूस आहे. आणि त्याचा डोळा तुम्ही फोडलाय.

म्हणून ऐका. पैलवान आधी अंगावर आला, असं मी सांगतो. दोन मेकॅनिकही सांगतील. तुम्ही सुटाल. तुम्ही चाकाचा विषय सोडा. रागाच्या भरात एक चेष्टा केली माझ्याकडून, दादा, एवढंच. तुम्ही मला वर्षभर सळो की पळो करून सोडलं होतं. माणूस किती सहन करील? बेबीचा संसार तुमच्या हातात आहे.

जावई

दि. ११ एप्रिल

जावईबुवा,

आपला प्रस्ताव वाचला. अमान्य आहे.

एक गोष्ट मात्र आपण अचूक लिहिलीत. ज्याच्या शब्दावर माझ्या भावाचा न्याय टांगलेला आहे, त्याचाच डोळा मी काढला. पैलवान त्याच रुग्णालयात आहे, बंडूच्या वरच्या मजल्यावर. काल मी जिना चढलो. मला पाहून त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या उचलून मला मारला. तो कपाळाला लागला. मी तसाच उभा राहिलो. तिने मग मिळेल ते मारले, सँडल, डबा, उशाचा थर्मास, आणि शेवटी हातांनी. परिचारिका धावत आली, तेव्हा पैलवानच म्हणाला, राहू द्या, तिला दमू द्या.

ती दमल्यावर मी त्याला सांगितले की मला आता सर्व माहीत आहे. तो म्हणाला, "तुम्ही मारत होता तेव्हा मी तेच ओरडत होतो, साहेबांना विचारा, साहेबांना विचारा. तुम्ही पाना थांबवला नाही."

मी त्याच्याजवळ क्षमा मागितली नाही. तिच्या बदल्यात द्यावे असे माझ्याकडे काही नव्हते. बंडूसाठी खरे सांगाल का, एवढेच विचारले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. मी तासभर बसलो आणि उठलो. जिन्यापर्यंत आलो तेव्हा त्याची बायको मागून आली. म्हणाली, ते विचारताहेत, बंडू जेवतो का.

आज सकाळी त्याने स्वतः निरोप पाठवला. बंडूसाठी तो साक्ष देईल. आणि माझ्यावरची फिर्याद तो मागे घेणार नाही. दोन्ही मला मान्य आहे, असे मी उलट कळवले.

ट्रक पोलिसांनी पंचनामा करून सोडला आहे. रविवारी दुपारी मी शेडमध्ये त्याखाली असेन. आपणास काही बोलायचे असल्यास यावे.

दादा

दि. २० एप्रिल

दादा,

डाव्या हाताने लिहितोय, समजून घ्या. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली आहेत. डॉक्टर म्हणतात, पेन पुन्हा नीट धरता येईलच असं नाही.

मी आईकडे आहे. तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत ते कळलं. दादा, देवाशपथ सांगतो, तसं नव्हतं. मी बोलायलाच आलो होतो. तुम्ही खालून उत्तर देत होतात, तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय. बेबी दोन दिवस घरी आली नव्हती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जॅकच्या दांड्याला माझा हात लागला असेल, धक्का लागला असेल. गाडी जराशी खाली आली. तुम्हाला खरचटलंही नाही. आणि तुम्ही बाहेर येऊन मला जनावरासारखं मारलंत. हात मोडला असताना मी खाली पडलो होतो आणि तुम्ही माझ्याकडे उभे राहून बघत होतात.

एका माणसाचा डोळा, एकाचा हात. लोक काय म्हणतील याचा विचार करा. तुम्ही जबाब बदला, मी माझी तक्रार करणार नाही. बेबीला समजावा. तिने माझा फोन घ्यावा एवढं तरी.

जावई

दि. २५ एप्रिल

तुम्हांस,

तुम्हाला अहो-जाहो मी सवयीने करतो, मानाने नाही. तुमच्या पत्रातले तपशील चुकीचे आहेत. ते दुरुस्त केल्याशिवाय हा पत्रव्यवहार मला बंद करता येत नाही.

त्या जॅकचा वाल्व बुडाशी असतो. दांडा वरून उपसून काढावा लागतो, त्याचे खाचेचे टोक वाल्वला अडकवावे लागते आणि मग तो फिरवावा लागतो. हात लागून तो सुटत नाही. धक्क्याने तर नाहीच.

मी पाठीवर पडून ड्रमच्या मागची पट्टी काढत होतो. तुम्ही बेबीबद्दल बोलत होता, आणि ते तुम्ही खरेच कळवळून बोलत होता, हे मी मान्य करतो. मी सांगितले की पैलवानाची साक्ष सोमवारी नोंदवली जाणार आहे. तुमचे बूट वळले, दोन पावले जॅककडे गेले आणि थांबले. दांडा निघाल्याचा आवाज मी ऐकला. जॅकवर रोज काम करणाऱ्या माणसाला तो आवाज कशाचा हे विचारावे लागत नाही. मी हलू शकलो नाही. मोडक्या बरगडीने माणूस झटकन सरकत नाही.

ट्रक खाली आला आणि लोखंडी घोड्यांवर, म्हणजे अ‍ॅक्सलखाली लावलेल्या टेकूंवर, बसला. जॅक दगा देईल म्हणून मी खाली घोड्या लावतो. माणूस दगा देईल म्हणून लावल्या नव्हत्या. अ‍ॅक्सल आणि माझी छाती यांच्यामध्ये तळहात मावेल इतकी जागा उरली. त्या जागेतून मी तुमचे बूट पाहत होतो. ते पळाले नाहीत. ते वाट पाहत होते.

मी सरपटत बाहेर आलो. तुमच्या हातात दांडा तसाच होता. मी पाना उचलला. पैलवानाच्या वेळी मी विचारले नव्हते, म्हणून या वेळी विचारले: "चुकून, की मुद्दाम?"

तुम्ही रडत होता. रडतच म्हणालात, "तुम्ही मेला असतात तर लोक म्हणाले असते, घरी ट्रक उघडायची हौस नडली. कुणी मला विचारलंही नसतं."

हे उत्तर पूर्ण ऐकल्यावर मी घाव घातला. दांडा धरलेल्या मनगटावर, एकच. जनावरासारखे मी पैलवानाला मारले. तुम्हाला मोजून मारले. तुम्ही खाली पडलात, तेव्हा मी बघत उभा होतो हे खरे आहे. दुसरा घाव घालायचा की नाही, याचा मी विचार करीत होतो. पाना खांद्यापर्यंत वर गेला होता. मागून बेबीचा आवाज आला. ती बंडूचे कपडे न्यायला आली होती आणि तुम्ही काय बोललात ते तिने दारातून ऐकले होते. ती मला एवढेच म्हणाली की, दादा, पुरे, बंडूचा डबा गार होतोय. तुम्हाला उचलून रिक्षात तिनेच बसवले. रिक्षावाल्याला पत्ता तुमच्या आईचा दिला, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

ती बंडूजवळ आहे. त्याला कुबड्यांवर उभे करण्याचे काम तिने अंगावर घेतले आहे आणि त्या कामात ती त्याला इतक्या शिव्या देते की वरच्या मजल्यावर पैलवान हसतो, असे त्याची बायको सांगते. ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही. मी जिन्यात दिसलो की बाजूला थुंकते. तुमच्या फोनचे मी बेबीला सांगितले. तिने ऐकले आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली.

पैलवानाची साक्ष नोंदवली गेली. त्याने रेघेचे, यंत्राचे, किल्लीचे सर्व सांगितले आणि फाटकापाशी आपण स्वतः बंडूचा हात धरून ठेवायला हवा होता, असेही सांगितले. पोलीस अंमलदाराने हे शेवटचे लिहायची गरज नाही म्हटले. पैलवानाने लिहायला लावले. नटांच्या तोंडावरचा रंग त्याने एका डोळ्याने, नट नाकाजवळ धरून पाहिला आणि ओळखला. मी त्या वेळी खोलीबाहेर होतो. त्याच्यासमोर बसण्याचा अधिकार मला नाही.

तुम्ही तक्रार अवश्य करा. मी आधीच जबाब दिलेला आहे. पैलवानाला मारल्याबद्दलचा माझा जबाब वेगळा आणि तुम्हाला मारल्याबद्दलचा वेगळा. एकाची रक्कम दुसऱ्यात वळती करावी, मला आधी भडकवले गेले असे म्हणावे, असे वकिलाने सुचवले. मी नकार दिला. भडकवणारे तुम्ही होता, पण पाना माझ्या हातात होता. पैलवानाच्या खटल्यात मी गुन्हा कबूल करीन आणि शिक्षा कमी करण्यासाठी कुणी एक शब्द बोलणार नाही.

पहिल्या जबाबाच्या शेवटी, या कृत्याचा मला पश्चात्ताप आहे, हे वाक्य मी स्वतः सांगून लिहवून घेतले. दुसऱ्या जबाबाच्या शेवटी अंमलदार तेच वाक्य आपल्या मनाने लिहू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

सही/-
बेबी व बंडू यांचा दादा
ठिकाण: घरामागची शेड
दि. २५ एप्रिल